खिडकीचा उजेड पुरतो

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेरवीच्या आधी फोटोची शोधाशोध सुरू होते. लग्नाच्या अल्बममधला गर्दीतला चेहरा नाहीतर आधार कार्डावरचा तो इवलासा चौकोन मोठा करून फ्रेममध्ये बसवला जातो. ओळखपत्रासाठी ताठ बसलेलं ते माणूस मग वर्षानुवर्षं भिंतीवरून तसंच ताठ बघत राहतं. चार-चार मोबाइल असलेल्या घरातही हेच होतं. फोटो हजारोंनी असतात, पण जवळ बसवून, चेहऱ्यावर नीट उजेड घेऊन, सावकाश काढलेला एकही नसतो. हे प्रकरण त्या एका फोटोसाठी लिहिलं आहे. त्यासाठी लागणारा स्टुडिओ घरातच उभा राहतो आणि त्याचा खर्च हजार-दीड हजार रुपयांच्या पुढे सहसा जात नाही.

उदाहरणासाठी वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं जाम घेऊ. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, ते हे गाव. इथे स्लॅबची घरं आहेत, कवेलूची आहेत आणि पुढे स्लॅब, मागे कवेलू अशी मिश्र घरंही आहेत. हिवाळ्यात काही घरांत एक खोली कापसाने भरलेली असते. उन्हाळा असा की खिडकी म्हणजे कूलरची जागा. अशा घरात फोटोचा स्टुडिओ कसा करायचा, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपेक्षा वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर इथे जास्त सोपं आहे.

या उत्तराचा सर्वांत मोठा दाखला याच जिल्ह्यात, जामपासून तासाभराच्या रस्त्यावर आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी कारकुनीची आणि हिशेबाची कामं पाहायचा. १९१७ चा जन्म, म्हणजे तेव्हा जेमतेम विशीतला. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म घेतली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी मला बसायला-उभं राहायला सांगायचं नाही, आणि या कामाला आश्रमाचा पैसा मिळणार नाही. त्यानंतर १९४८ पर्यंत कनूने गांधीजींची आणि कस्तुरबांची जी छायाचित्रं काढली, ती आज त्या घरगुती आयुष्याची सर्वांत जवळून घेतलेली नोंद मानली जातात. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, दारा-खिडकीतून येणारा उजेड, एवढंच त्याच्याजवळ होतं. फिल्मही मोजकी: रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर फक्त १२ फोटो येतात.

त्या कॅमेऱ्याची एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरून वरून काचेत बघायचं असतं. त्यामुळे कॅमेरा आपोआप खाली येतो आणि बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर येतो. आपण मात्र मोबाइल उभ्यानं धरून खाटेवर बसलेल्या आजीचा फोटो वरून घेतो. मग कपाळ मोठं दिसतं, मान खांद्यात रुतलेली दिसते आणि माणूस लहान, बापुडवाणं वाटतं. स्टुडिओची पहिली सुधारणा फुकट आहे: ज्याचा फोटो काढायचा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणा. आजी सतरंजीवर बसली असेल तर तुम्हीही मांडी घाला.

आता उजेड. सकाळी नऊच्या सुमारास घरातले सगळे दिवे बंद करा. एखाद्या लेकराला एकेका खिडकीपासून आणि दारापासून हातभर अंतरावर उभं करा आणि फक्त त्याच्या नाकाची सावली बघा. सावलीची कड सुरीसारखी धारदार असेल तर तिथे थेट ऊन येतं, ती जागा सोडा. सावली आहे, पण कड विरघळलेली आहे, आणि दोन्ही बुबुळांत खिडकीचा उजळ चौकोन चमकतो आहे, असं जिथे दिसेल तो तुमचा स्टुडिओ. डोळ्यांतला तो चौकोन फार महत्त्वाचा. तो नसला की चेहरा कितीही उजळ असो, मेलेला दिसतो.

हे का घडतं ते समजून घ्यावं, म्हणजे प्रत्येक घरात आपलं आपल्याला ठरवता येतं. उजेड मऊ की कडक, हे त्याच्या तेजावर ठरत नाही. उजेड देणारी जागा चेहऱ्याच्या मानानं किती मोठी आहे, यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आपल्याला तो टिकलीएवढा दिसतो, म्हणून त्याची सावली कडक. चार फुटांची खिडकी दोन फुटांवर असली की ती चेहऱ्याच्या कितीतरी पट मोठी होते. तिचा उजेड अनेक बाजूंनी येऊन सुरकुत्यांत, डोळ्यांच्या खोबणीत शिरतो. तीच खिडकी पंधरा फुटांवर गेली की लहान होते आणि सावल्या पुन्हा घट्ट होतात. म्हणून खोलीच्या मध्यात, पंख्याखाली माणसाला उभं करू नका. खुर्ची खिडकीशी न्या.

फोटोग्राफीच्या पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचं मोठं कौतुक असतं. बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर लिहिलेली आहेत आणि तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. विजेचे दिवे येण्यापूर्वी तिथल्या स्टुडिओंना उत्तरेकडे उतरती काचेची छपरं असायची, ती याचसाठी. जामचं मात्र वेगळं आहे. हे गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण साडेवीस अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो रोज पूर्वेच्या उत्तरेला उगवतो. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येणारच. हिवाळ्यात तीच खिडकी दिवसभर शांत असते. तेव्हा पुस्तकावर न जाता लेकराच्या नाकाच्या सावलीवर विश्वास ठेवा.

उन्हाळ्यात आणखी दोन अडचणी येतात. पहिली कूलरची. घरातली सगळ्यात चांगली खिडकी तो अडवून बसतो, आणि पावसाळा लागेपर्यंत त्याला कुणी हलवू देणार नाही. तेव्हा दार वापरा. उंबरठ्यापासून दोन-तीन फूट आत, अंगणाकडे तोंड करून बसवलेल्या माणसाला दाराचा उभा, उंच उजेड मिळतो आणि मागची खोली आपोआप अंधारात जाते. कवेलूच्या जुन्या घरांत आत काळोख असतो, त्यामुळे तिथे हे फार सुंदर जमतं. दुसरी अडचण हिरव्या जाळीची. अंगणावर ग्रीन नेट ताणलेलं असलं की त्याखाली सगळ्यांचे चेहरे आजारी हिरवट येतात आणि हा रंग नंतर मोबाइलमध्ये नीट काढता येत नाही. जाळीखाली फोटो काढू नका. गडद निळ्या किंवा पोपटी भिंतीच्या अगदी जवळही नको, भिंत आपला रंग गालावर फेकते.

खिडकी एका बाजूला आली की चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते. तिथे काहीतरी पांढरं धरायचं. त्यासाठी बाजारातला रिफ्लेक्टर लागत नाही. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवलेला पुठ्ठा, फ्लेक्सच्या दुकानातला सनबोर्डचा तुकडा, किंवा वाढदिवसाच्या जुन्या बॅनरची उलटी बाजू पांढरी असेल तर तीही चालते. चेहऱ्यापासून दोन फुटांवर, खिडकीच्या समोरच्या बाजूला तो उभा करा आणि पुढे-मागे सरकवत बघा. पुठ्ठा जवळ आला की सावली उजळते, दूर गेला की गडद होते. स्टुडिओतला सगळा खेळ या दीड-दोन हात जागेत आहे, आणि तो डोळ्यांनी बघता येतो हे त्याचं मोठेपण. कापसाचे दिवस असतील आणि घरात खोली भरलेली असेल, तर त्या ढिगाइतका मोठा आणि मऊ रिफ्लेक्टर पैसे देऊन मिळणार नाही. दारातून येणारा उजेड तो पांढरा ढीग सगळीकडे पसरवतो. वर्षभराची मेहनत मागे आणि घरचे लोक पुढे, असा फोटो या भागातल्या प्रत्येक शेतकरी घरात एक तरी असावा असं मला मनापासून वाटतं.

डोक्यावर पदर घेतलेल्या आजीचा फोटो हा इथला खरा कस आहे. पदराची कड कपाळावरून डोळ्यांवर सावली टाकते. वरून येणारा कुठलाही उजेड ती सावली आणखी काळी करतो. पदर मागे घ्यायला सांगू नका. तो तिचा चेहरा आहे. खुर्ची अशी वळवा की तिचं तोंड जवळजवळ सरळ खिडकीकडे असेल, आणि पांढरा पुठ्ठा तिच्या मांडीवर आडवा ठेवा, फ्रेमच्या खाली. खालून वर जाणारा तो हलका उजेड पदराच्या आत शिरतो आणि डोळे उघडतात. मग, ‘आजी, खिडकीबाहेर कोण आलं पाहा नं,’ एवढं म्हणायचं आणि थांबायचं. चष्मा असेल आणि काचेत खिडकी चमकत असेल, तर चष्म्याच्या काड्या कानावरून बोटभर वर उचलायच्या. काचा किंचित खाली झुकतात, चमक निघून जाते आणि फोटोत फरक कळत नाही.

आजोबांचा प्रश्न उलटा असतो: पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी धरतो. पांढऱ्या कपड्यांचा पसारा मोठा असला की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो फोटो गडद करतो. कपडे राखाडी होतात, उन्हात रापलेला चेहरा काळा पडतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण थोडी वर सरकवा. टोपीचं तेज थोडं उडालं तरी चालेल, चेहऱ्याचा रंग खरा आला पाहिजे.

मोबाइलचंच निघालं म्हणून: त्याची मुख्य लेन्स बरीच रुंद कोनाची असते. चेहरा फ्रेमभर यावा म्हणून आपण जवळ जातो आणि नाक मोठं, कान लहान येतात. हा दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. पाच-सहा फूट मागे उभे राहा आणि दुप्पट झूमची सोय असेल तर ती वापरा. पाठ धूसर करणारा पोर्ट्रेट मोड नथीची कड, सुटे केस, टोपीचं टोक खाऊन टाकतो, म्हणून तो बंदच ठेवा. ज्यांच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे, त्यांनी ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स घ्यावी. बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी ती असते. फक्त लक्षात ठेवा, मध्यम आकाराच्या सेन्सरवर ही लेन्स पूर्ण उघडी ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट भागाची खोली जेमतेम चार-पाच इंच असते. एकट्या चेहऱ्याला ते शोभतं. दोन रांगांत बसलेल्या कुटुंबाला एफ ५.६ किंवा एफ ८ लागतं, नाहीतर पुढे बसलेले आजोबा स्पष्ट आणि मागची सून अस्पष्ट येते.

पाठीमागच्या पडद्यावर लोक फार खर्च करतात. जुन्या स्टुडिओंतले रंगवलेले महाल, खांब आणि बागा मला आवडतात, पण घरात त्यांची गरज नाही. चमक नसलेलं, राखाडी किंवा मातकट रंगाचं जाड कापड पुरतं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन गांधीजींनी १९३८ साली केलं, किंवा सेवाग्रामला मिळणारी खादी यासाठी उत्तम, कारण ती उजेड परत फेकत नाही. दोन पन्हे जोडून शिवून घ्या, वर-खाली बांबू घाला, पाण्याचा हात फिरवून ताणून बांधा. माणूस पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसवा. त्याला टेकून बसवलं तर सावली कापडावर पडते आणि प्रत्येक चुणी मोजता येते. कापडही नको असेल तर स्वच्छ सारवलेली किंवा चुन्याची भिंत घ्या. तिच्यावर घराची खूण असते.

एका माणसाचा फोटो खिडकीशी सोपा. आठ जण बसवले की कळतं, खिडकीजवळचा मामा पांढराफटक आणि पलीकडचा काका अंधारात. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दिव्यापासून एक जण ३ फुटांवर आणि दुसरा ६ फुटांवर असेल, तर दुसऱ्याला पाव उजेड मिळतो. सगळ्यांना सहा फूट मागे नेलं, म्हणजे ९ आणि १२ फुटांवर, तर दुसऱ्याला पहिल्याच्या निम्म्याहून थोडा जास्त मिळतो. मोठ्या खिडकीपाशी घट इतकी तीव्र नसते, पण दिशा तीच. म्हणून मोठं कुटुंब खिडकीपासून मागे न्यावं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांना ओसरीत, अंगणाकडे तोंड करून, अंगणाच्या कडेला समांतर ओळीत बसवावं. बाहेर सिमेंटचं अंगण उन्हात तापलेलं असेल तर तेच खालून रिफ्लेक्टर होतं. वडीलधारे खुर्च्यांवर, तरुण मागे, लेकरं सतरंजीवर; डोकी एका रेषेत नकोत, आणि खांदे एकमेकांना लागलेले असावेत. माणसं अंतर ठेवून बसली की फोटोत ते अंतर दुप्पट दिसतं.

विजेचा दिवा कधी? संध्याकाळीच सगळे घरी असतात तेव्हा. मग दोन एलईडी बल्ब पुरे. डब्यावर ‘सीआरआय ९०’ किंवा त्याहून जास्त लिहिलेले मिळाले तर शोधून घ्या, कारण हलक्या एलईडीत लाल रंग कमी पडतो आणि कातडी निस्तेज दिसते. एकाच रंगाचे बल्ब घ्या आणि बाकी सगळे दिवे बंद करा. एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर निळा उजेड आला तर तो कुठल्याच ॲपला सुधारता येत नाही. बल्बसमोर बांबूच्या चौकटीवर ताणलेलं जुनं पांढरं धोतर धरलं की तुमची खिडकी तयार. हॅलोजन वापरू नका, तो कापड पेटवण्याइतका तापतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. कॅमेऱ्यात शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते बहुधा जातात. फ्लॅश पांढऱ्या छतावर आपटवून घेण्याची युक्ती स्लॅबच्या घरात चालते. कवेलूखाली छतच काळं असतं, तिथे ती चालत नाही.

एवढी खटपट करण्यापेक्षा दुकानात जाऊन फोटो का काढू नये, असं कुणी विचारेल. जावं, जरूर जावं; गावातल्या फोटोग्राफरचं काम टिकलं पाहिजे. पण काही माणसं तिथे जात नाहीत, आणि गेली तरी तिथे ती स्वतःसारखी नसतात. ही जुनी गोष्ट आहे. जामवरून जाणारा महामार्ग ज्या हैदराबादला पोचतो, तिथे छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी १८९२ साली पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, कारण त्याशिवाय त्या स्त्रियांचे फोटो निघालेच नसते. आज पडदा तेवढा नाही, संकोच आहे. कॅमेऱ्यासमोर आपल्याकडची म्हातारी माणसं ‘सावधान’मध्ये उभी राहतात. पूर्वी प्लेटवर उजेड पडायला कित्येक सेकंद लागत, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. फोटो म्हणजे न हलणं, न हसणं ही शिकवण तिथून उतरली आहे. घरात ती सोडवता येते. आजीच्या हातात तांदळाचं सूप द्या. आजोबांना नातवाच्या लाकडी बैलाचा दोर वळायला सांगा. हात कामाला लागले की चेहरा मोकळा होतो, आणि गांधीजींनी कनूला बसायला-उभं राहायला सांगू नको म्हटलं होतं त्यातलं शहाणपण कळतं. सगळ्यांचा एकत्र फोटो घेताना मात्र एक सूचना द्यावी लागते: डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा. उघडल्यावर लगेच तीन-चार फोटो घ्या, मिटलेल्या पापण्यांची कटकट संपते.

वेळ कुठली निवडाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ ते अकरा. पावसाळ्यातली ढगाळ दुपारही उत्तम, तेव्हा अख्खं आभाळच खिडकी होतं. आणि तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाचा, दिवस सोडू नका. लेकरं नटलेली असतात, बैल सजलेले असतात, बाहेरगावचे लोक आलेले असतात. मिरवणुकीला निघण्याआधी अर्धा तास ओसरीत सगळ्यांना बसवता येतं.

वाचलेला पैसा प्रिंटवर घाला. सर्वांचा एक आणि प्रत्येक वडीलधाऱ्याचा एकेक, आठ बाय बारा इंचांचा, मॅट कागदावर, हिंगणघाट-वर्धा-नागपूरच्या चांगल्या लॅबमधून काढून घ्या. लॅमिनेशन करू नका. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्याच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो आणि सुटा करताना फाटतो. मागे कडेला, सीडीवर लिहायच्या पेनाने, हात न दाबता सगळ्यांची नावं, गावाचं नाव आणि साल लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची खूण पुढून दिसते. आणि घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर पोळ्याची वाट पाहू नका. येत्या रविवारी सकाळी नऊला त्यांची खुर्ची खिडकीशी न्या.